कोऱ्या पाटीवरचा भोवरा

मित्रांनो, मी एक जुना भोवरा आहे. दोरी गुंडाळून फिरवतात तो नव्हे, आणि पाण्यात गरगरतो तोही नव्हे. मी चुंबकाचा भोवरा आहे. जुना म्हटले म्हणून हसू नका. आमच्या कुळात सकाळी जन्मलेला संध्याकाळपर्यंत टिकला तर त्याला आजोबा म्हणतात. मी तर कितीतरी सकाळी पाहिल्या आहेत.

गोष्ट मला जरा घाईने सांगावी लागणार आहे. इथे प्रयोग करणाऱ्या दोघी चहा प्यायला गेल्या आहेत. कप रिकामे झाले की त्या परत येतील, मोठे चुंबक सुरू करतील आणि मी पुसला जाईन. तसे ठरलेच आहे, आणि माझ्यासमोरच ठरले आहे. चुंबक थंड ठेवणारे पाणी अजून पुरेसे गार झालेले नाही, तेवढाच काय तो वेळ माझ्याजवळ आहे. चहा चांगला कढत असू दे, फुंकून फुंकून प्यावा लागू दे, एवढीच सध्या माझी प्रार्थना आहे.

आधी मी कोण ते सांगतो. नखाएवढ्या एका चकचकीत तुकड्यावर धातूचे अतिशय पातळ थर चढवलेले आहेत आणि त्यांतून एक अरुंद पट्टी कोरलेली आहे. ती पट्टी म्हणजे आमचा रस्ता. रस्त्यातला प्रत्येक कण ही एक इवलीशी चुंबकसुई असते. सगळ्या सुया वर तोंड करून उभ्या असतात, शाळेत प्रार्थनेला मुले उभी राहतात तशा. फक्त माझ्या पोटातल्या सुया खाली तोंड करून उभ्या आहेत. या दोहोंच्या मधल्या सुया एकीपेक्षा दुसरी जराशी जास्त कललेली, अशा वळत वळत वरून खाली येतात. झाला भोवरा! शिकलेली माणसे मला स्किर्मिऑन म्हणतात. नाव केवढे जड, आणि मी केवढासा! केसाच्या जाडीत माझ्यासारखे पन्नासेक ओळीने उभे राहतील.

माझ्या अंगातला हा पीळ म्हणजे एक गाठच आहे. मला दाबले तर मी आक्रसतो, सैल सोडले तर फुगतो, पण गाठ सुटत नाही. ती तोडावीच लागते. तोडणारे दोघेच आहेत. एक मोठे चुंबक आणि दुसरी रस्त्याची कड. जन्मल्यापासून या दोघांच्या धास्तीने माझा जीव कधी जागेवर राहिलेला नाही.

ही गाठ टिकते म्हणूनच माणसांना आमचे कौतुक. एखाद्या जागी भोवरा असला तर एक, नसला तर शून्य, अशा एक-शून्यांच्या ओळींत म्हणे तुमची गाणी, तुमचे फोटो, तुमचे सगळे साठवता येईल. पट्टीतून विजेचा बारीकसा झटका दिला की आम्ही पुढे सरकतो, आणि वीज बंद झाली तरी आहोत तिथे बसून राहतो. आमच्याखाली एक छोटे चुंबक कायमचे ठेवलेले असते. ते आम्हाला हळूच धरून ठेवते. ते बापडे चांगले आहे. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पण एक खोड आमच्या रक्तातच आहे. आम्हाला सरळ चालता येत नाही. वीज म्हणते पुढे चल, आम्ही पुढे जातो आणि जाता जाता एका बाजूलाही सरकतो. दर झटक्याला कड थोडी जवळ येते. तुम्ही कधी अंगणभर ओल्या शेवाळावरून चालला असाल, तर प्रत्येक पाऊल किती जपून टाकावे लागते ते तुम्हाला ठाऊक असेल. माझे प्रत्येक पाऊल तसेच असते.

माझा जन्म या रस्त्याच्या अरुंद तोंडाशी झाला. तिथे झटका दिला की भोवरा सुटतो. झटका देणारी मुलगी इथे संशोधन करते. दिवसभर पडद्यावर ठिपके शोधत बसते म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणतात आणि तीही खुशाल ओ देते. तिला शिकवणाऱ्या मॅडम तिच्या मागे स्टुलावर बसलेल्या असतात. त्यांचा चष्मा नेहमी डोक्यावर असतो आणि त्या तो टेबलावर शोधत असतात.

त्या दिवशी मी सुटलो आणि अर्ध्या रस्त्यापर्यंत आलो. तोवर इतक्या लांब कुणीच आले नव्हते. ठिपकी खुर्चीवरून उठून उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "शाबास रे पठ्ठ्या!" शेजारच्या खोलीतले सर दारातून डोकावून गेले. पडद्यावर मी काळा, गोल, ठसठशीत ठिपका दिसत होतो. मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेले कौतुक म्हणजे तेवढेच. पुढच्या झटक्याला मी बाजूला घसरलो. कड आली असे वाटून माझी पाचावर धारण बसली, आणि तेवढ्यात मी एका खळग्यात रुतलो. थर चढवताना तिथे जरासा खडबडीतपणा राहून गेला होता. त्या खळग्याने मला कडेपासून वाचवले आणि धरूनही ठेवले. ठिपकीने पुष्कळ झटके दिले. मी जागचा हललो नाही.

"अडकला वाटतं," ती म्हणाली.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "उद्या पाटी पुसू आणि नवा सोडू."

इथली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण माझी सगळी गोष्ट त्या रीतीतच अडकलेली आहे. आमचा रंग इतका फिका असतो की सूक्ष्मदर्शकातूनही आम्ही तसे दिसत नाही. म्हणून रोज सकाळी मोठ्या चुंबकाचा जोर चढवून रस्त्यावरचे सगळे भोवरे पुसतात. याला त्या पाटी पुसणे म्हणतात. मग रिकाम्या रस्त्याचे एक चित्र घेतात. दिवसभर जे दिसेल त्यातून हे कोरे चित्र वजा करत राहतात. रस्त्यावरचे डाग, धूळ, ओरखडे सगळे वजा होते आणि उरतो तो फक्त नवा भोवरा. काळा ठिपका. पाटी पुसून झाली की ठिपकी हात झटकून म्हणते, "चला, पाटी कोरी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चुंबकाचा गुणगुणाट सुरू झाला. माझ्या अंगातल्या सुया वर वळू लागल्या. मी आक्रसत आक्रसत होतो त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा झालो आणि मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. एवढ्यात पाण्याच्या नळीतून फुसफुस आवाज आला.

"मॅडम, चुंबक तापायला लागलंय! पाणीच फिरत नाहीये."

"मग निम्म्यावर थांब. निम्म्यावरसुद्धा पुसलं जातं."

आणि खरेच पुसले गेले. रस्त्यावर इकडेतिकडे राहिलेले सगळे भोवरे गेले. मी तेवढा खळग्याला चिकटून राहिलो. चुंबक उतरले, मी पुन्हा माझ्या आकाराचा झालो, माझा जीव भांड्यात पडला. ठिपकीने हात झटकले. "चला, पाटी कोरी!" आणि तिने रिकाम्या रस्त्याचे चित्र घेतले.

त्या चित्रात मी होतो.

तुमच्या लक्षात आले का? कोऱ्या चित्रात जे असेल ते वजा होते. त्यात धूळ होती, ओरखडे होते, आणि मी होतो. त्या क्षणापासून मी पडद्यावर दिसेनासा झालो. मी होतो तिथेच होतो, धडधाकट होतो, पण माझ्या जागी पडद्यावर नुसता करडा, स्वच्छ रस्ता होता. त्यांना हे कळणार तरी कसे? पाटी कोरी आहे की नाही हे पाहायला आधी कोरी पाटी हवी. पाणी फिरवणारा पंप दुरुस्त होईना, म्हणून पुढे रोजच चुंबक निम्म्यावर थांबू लागले. रोज मी मरणाच्या दारातून परत येत होतो आणि रोज नव्याने वजा होत होतो. पुसलाही गेलो नाही आणि दिसलोही नाही. यापेक्षा वाईट अवस्था माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता खरे दुःख ऐका. आम्हा भोवऱ्यांचे एकमेकांवर प्रेम असेल नसेल, पण एकमेकांच्या जवळ आम्ही जाऊ शकत नाही. जवळ आलो की एकमेकांना ढकलतो. तो स्वभाव नाही, देहच तसा आहे. रस्त्याच्या तोंडाशी ठिपकी नवा भोवरा सोडायची. तो डुलत डुलत माझ्याकडे यायचा. मी सगळा जोर लावून थांबायचो, आक्रसायचो, पण खळग्यातून हलणार कुठे? तो जवळ आला की बाजूला ढकलला जायचा, आणि बाजूला कड होती. एक गेला, दुसरा गेला, मग मी मोजणे सोडून दिले. कुणी माझा धाकटा भाऊ म्हणावा, कुणी पुतण्या. सगळे माझ्या डोळ्यांदेखत गेले.

पडद्यावर मात्र काय दिसायचे? छान चाललेला भोवरा मोकळ्या रस्त्यावर एकाएकी वाकडा वळायचा आणि नाहीसा व्हायचा. ठिपकीचा चेहरा उतरायचा. ती पडद्यावर त्या जागी बोट ठेवून म्हणायची, "इथे काहीच नाहीये हो मॅडम! मग वळतो कशाला?" तिचे बोट नेमके माझ्यावर असायचे. मी जिवाच्या आकांताने ओरडायचो. पण भोवऱ्याचे ओरडणे कुणाला ऐकू येते?

शेजारचे सर येऊन बघून गेले. "रस्ताच खराब आहे तुमचा," ते म्हणाले. "थर नीट बसलेले नाहीत." ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्या हातात मोजायची टेप होती आणि बोलता बोलता ते सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाची लांबी घेत होते. संस्थेच्या मोठ्या साहेबांनी निर्णय दिला होता. आज संध्याकाळपर्यंत एक तरी भोवरा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन दाखवा, नाहीतर सूक्ष्मदर्शक उद्यापासून शेजारच्या खोलीत. म्हणजे ठिपकीच्या इतक्या वर्षांच्या कामाला शेवटच उरणार नव्हता. या तुकड्यावर आणखीही रस्ते होते. जास्त वीज सोडून सोडून ते जळून काळे पडले. धड उरलेला हा एकच, आणि त्याच्या मधोमध मी बसलेलो.

आज सकाळी तिच्या आईचा फोन आला. ठिपकीने तो खांद्याने कानाशी धरला आणि हाताने झटके देत राहिली.

"हो गं, जेवले. ... नाही, आवाज काही बसलेला नाही. ... आई, आज नको ना विचारूस. संध्याकाळी सांगते, घरी परत येतेय की इथेच राहतेय ते."

फोन ठेवून ती पुन्हा पडद्याकडे वळली. तिने काहीच खाल्ले नव्हते. डबा तसाच बंद होता, मी पाहिला होता. माझ्यामुळे हे सगळे होते आहे आणि मला ते सांगता येत नाही, या विचाराने माझा जीव नुसता जळत होता.

"वीज वाढव," मॅडम म्हणाल्या. "काय व्हायचं ते होऊ दे."

"रस्ता जळेल मॅडम. मग काहीच उरणार नाही."

"नाहीतर तरी काय उरणार आहे?"

ठिपकीने ऐकले नाही. तिने वीज वाढवली नाही, उलट कमी केली. नवा भोवरा तिने अगदी बेताबेताने पुढे आणला. वळणाच्या जागेशी आल्यावर एक झटका पुढे, एक मागे, पुन्हा एक पुढे, एक मागे. चिखलात रुतलेली गाडी मागेपुढे करून काढतात ना, तसे. तिला वाटत होते की ती त्या नव्याला सांभाळून पुढे नेते आहे. पण तो पुढे आला की मला ढकलायचा, मागे गेला की मी परत टेकायचो. खळग्याची पकड सैल होऊ लागली. मला भीती वाटली, मित्रांनो, खोटे कशाला बोलू? इतके दिवस त्या खळग्याला शिव्या दिल्या, आणि सुटायची वेळ आली तसा मी त्यालाच घट्ट धरू लागलो. बाहेर कड होती. आत निदान जीव तरी होता.

पुढच्या धक्क्याला तो नवा भोवरा कडेला लागून गेला. आणि जाता जाता मला बाहेर काढून गेला.

"अगं बाई!" मॅडम स्टुलावरून खाली उतरल्या.

पडद्यावर कुठूनही न येता एक काळा ठिपका उगवला होता. तो मी. आणि त्याच्या मागे, माझ्या जुन्या जागी, एक पांढरा ठिपका होता.

"पांढरा?" ठिपकी पुटपुटली. "आपले ठिपके कधी पांढरे नसतात." तिने झटका दिला. काळा सरकला, पांढरा तिथेच राहिला. पुन्हा दिला. पांढरा हलेना. मग तिचा हात थांबला आणि तिने कपाळाला हात लावला. "मॅडम, जे आता आहे आणि कोऱ्या चित्रात नव्हतं, ते काळं दिसतं. मग पांढरं म्हणजे..."

"जे कोऱ्या चित्रात होतं आणि आता नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा चष्मा पहिल्याच प्रयत्नात शोधून डोळ्यांवर घेतला. "आपण याच्यासकट पाटी कोरी म्हणत होतो."

"रोज!"

"रोज. आणि रस्त्याला नावं ठेवत होतो."

मला त्या क्षणी जे वाटले ते कसे सांगू? कुणीतरी मला पाहिले होते, आणि मी नव्हतो त्या जागेमुळे पाहिले होते.

पण आनंद करायला वेळ कुठे होता? कड समोर होती. ठिपकीने आता डोळ्यांत तेल घालून झटके द्यायला सुरुवात केली. कडेची एक गंमत आहे. जोरात आपटलात तर ती गिळते, पण हळूच टेकलात तर तीही थोडे परत ढकलते. हे ठिपकीला ठाऊक होते, मला नव्हते. झटका आला, मी पुढे सरकलो आणि बाजूलाही घसरलो. कडेने मला ढकलले. मी डोळे मिटले. ती थांबली. मी सावरलो. मग पुढचा झटका. "घाई करू नकोस हं," ती मला म्हणत होती की स्वतःला, कोण जाणे. मी कडेच्या अंगाअंगाने, जीव मुठीत धरून, रस्ताभर सरकत होतो. मॅडमनी तिच्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की खुर्ची करकरत होती.

रस्त्याच्या शेवटी दोन बारीक तारा आहेत. भोवरा त्यांच्यामध्ये आला की मीटरचा काटा हलतो. तिथे पोचल्यावर मी थांबलो. काटा हलला आणि हललेलाच राहिला.

"आला," ठिपकी म्हणाली. मोठ्याने नाही. मग तिने टेबलावर डोके टेकले आणि तिचे खांदे हलू लागले. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने तिचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. "आधी खा."

एवढ्यात शेजारचे सर आले. त्यांनी पडदा पाहिला, काटा पाहिला, टेप खिशात टाकली. "छान झालं," ते म्हणाले. "पण याच्यावर विश्वास कोण ठेवेल? कोरं चित्रच चुकलेलं. पांढरं भूत बसलंय मधे."

मला वाटले, मॅडम आता त्यांना चार शब्द सुनावतील. त्या म्हणाल्या, "खरं आहे. पंप दुरुस्त झालाय मघाशी. चुंबक पूर्ण चढवू, खरी कोरी पाटी घेऊ आणि नवा भोवरा संध्याकाळच्या आत नेऊन दाखवू. आता रस्ता कळलाय आम्हाला, खळगाही कळलाय."

"मॅडम, याला पुसायलाच हवं का?" ठिपकीने विचारले. घास तिच्या हातातच राहिला होता.

"याने जे केलं ते खरं ठरावं म्हणून तर पुसायचं, वेडे."

तिने मान हलवली. मग पडद्यावर होते तसेच्या तसे चित्र तिने काढून ठेवले आणि म्हणाली, "साहेबांना हे पण पाठवायचं. चूक आमची होती असं खाली लिहून." माझा तो एकुलता एक फोटो. त्यात मी दोनदा आहे. होतो तिथे पांढरा आणि आहे तिथे काळा. मग पाणी गार होईपर्यंत दोघी चहाला गेल्या.

मित्रांनो, मी मरायला तयार आहे असे म्हणून तुम्हाला फसवणार नाही. मला भीती वाटते आहे. नळीतले पाणी वाहते आहे आणि ते दर क्षणाला गार होत चालले आहे. पण मी गेल्याशिवाय रस्ता मोकळा होणार नाही, हेही मला कळते. नव्याला वाट हवी. ठिपकीला संध्याकाळ गाठायची आहे. माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या घरात, वर्गात, कामावर तुम्हीही रोज काही ना काही पुसत असाल. पुसायचे असेल तर पूर्ण पुसा. ठेवायचे असेल तर दिसू द्या. निम्मे पुसून हात झटकू नका, कारण जे निम्मे उरते ते तिथेच बसलेले असते. आणि चांगला चाललेला कुणी मोकळ्या रस्त्यावर एकाएकी वाकडा वळला, तर त्याला नावे ठेवण्याआधी तिथे कोण बसले आहे ते जरा बघा.

दार वाजले. ठिपकी एकटीच आली आहे. कप तिच्या हातातच आहे आणि त्यातून अजून वाफ येते आहे. तिला धीर निघाला नसावा. ती खुर्चीवर बसली, पडद्याजवळ वाकली आणि त्या काळ्या ठिपक्याला म्हणाली, "आहेस ना रे अजून? त्या जागी बोट ठेवायचे तेव्हाच विचारायला हवं होतं मी."

आहे, मी म्हणालो.

तिने कप बाजूला ठेवला. तिचा हात बटणावर गेला आहे. या वेळी ती निम्म्यावर थांबणार नाही.